नामावलीतील रुग्ण : ब्रिटनमधील ‘नेहमीच्या डॉक्टर’च्या संस्थेचा इतिहास

१

वैद्यकाच्या इतिहासात शोधांचा इतिहास विपुल लिहिला गेला आहे. देवीची लस, क्लोरोफॉर्म, जंतुशास्त्र, पेनिसिलिन हे टप्पे विद्यार्थ्यांना पाठ असतात. रुग्णालयांचा आणि वैद्यकीय महाविद्यालयांचा इतिहासही बराच उपलब्ध आहे. परंतु ज्या ठिकाणी बहुसंख्य माणसांची वैद्यकाशी प्रत्यक्ष गाठ पडते ती जागा, म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेला दवाखाना आणि त्यात वर्षानुवर्षे बसणारा तोच तो डॉक्टर, या इतिहासांत क्वचितच आढळते. सामान्य माणसाला ‘आपला’ म्हणता येईल असा डॉक्टर केव्हा मिळाला, तो कोणत्या व्यवस्थेमुळे मिळाला, आणि मिळाल्यामुळे त्याचा नेमका कोणता लाभ झाला, हे प्रश्न सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने गौण नाहीत.

‘घरचा डॉक्टर’ हा शब्दप्रयोग उच्चारताच एक आत्मीयतेचे चित्र डोळ्यांसमोर येते. तो तीन पिढ्यांना ओळखतो, घरातील भांडणे जाणतो आणि नाडी पाहण्यापूर्वी चेहरा पाहतो. हे चित्र खोटे नाही. तथापि त्यामुळे एक गैरसमज दृढ झाला आहे. असा डॉक्टर जुन्या काळी सर्वांनाच सहज लाभत असे, आणि आधुनिक यंत्रयुगाने तो हिरावून घेतला, अशी समजूत सर्वत्र आढळते. ब्रिटनचा इतिहास या समजुतीस पुष्टी देत नाही. तेथील गिरणी कामगाराला, खाण कामगाराला आणि विशेषतः त्याच्या पत्नीला नेहमीचा डॉक्टर मिळाला तो विसाव्या शतकात, आणि तो मिळवून देण्याचे कार्य एका अत्यंत रुक्ष कार्यालयीन साधनाने केले. ते साधन म्हणजे यादी. अमुक व्यक्ती अमुक डॉक्टरच्या जबाबदारीखाली आहे, अशी नोंद असलेली नामावली. प्रस्तुत लेखात या नामावलीचा उगम, तिच्यामुळे शक्य झालेले वैद्यकीय ज्ञान व लोकहित, आणि ती शिथिल झाल्यावर उद्भवलेली स्थिती, यांचा क्रमाने विचार केला आहे.

२

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधील मध्यमवर्गीय कुटुंबाला डॉक्टर शोधणे कठीण नव्हते. दरभेटीची फी देणारे कुटुंब आणि ती घेणारा डॉक्टर यांचा संबंध पिढ्यान्‌पिढ्या टिकत असे. श्रमजीवी वर्गाची गोष्ट वेगळी होती. आजारपण आले की प्रथम घरगुती उपाय, मग औषधविक्रेत्याचा सल्ला, त्यानेही गुण न आला तर धर्मादाय दवाखान्याची किंवा मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाची वाट, आणि अगदीच निराधार स्थितीत दरिद्रीसाहाय्य कायद्याखाली नेमलेला डॉक्टर, असा हा क्रम असे. यांपैकी प्रत्येक पायरीवर रुग्णाला कोणी ना कोणी तपासत होते. परंतु मागील वेळी काय झाले हे जाणणारा मनुष्य पुढील वेळी समोर असेलच, याची कोणतीही शाश्वती नव्हती.

या स्थितीवर पहिला तोडगा काढला तो कामगारांनीच. परस्परसाहाय्यक मंडळांनी आठवड्याला काही पेन्स वर्गणी गोळा करून तिच्यातून डॉक्टर नेमण्याची प्रथा पाडली. मंडळाच्या सदस्यांची यादी डॉक्टरकडे असे आणि त्याला दरडोई ठराविक रक्कम मिळे. दक्षिण वेल्सच्या कोळसाखाणींच्या खोऱ्यांत ही पद्धती विशेष विकसित झाली. ट्रेडेगार येथील वैद्यकीय साहाय्य संस्था कामगारांच्या वेतनातून वर्गणी कापून घेई आणि त्यांच्या कुटुंबीयांसही सेवा देई; कालांतराने त्या गावातील बहुतेक सर्व रहिवासी तिच्या छत्राखाली आले. कादंबरीकार ए. जे. क्रोनिन याने १९२० च्या दशकाच्या आरंभी या संस्थेत डॉक्टर म्हणून नोकरी केली होती, आणि पुढे राष्ट्रीय आरोग्यसेवा स्थापन करणारा मंत्री अन्यूरिन बेव्हन हा याच गावचा खाण कामगार होता.

डॉक्टरांना मात्र ही मंडळे फारशी मानवत नसत. वर्गणीदारांच्या समितीपुढे उभे राहून नोकरी टिकवावी लागणे, कमी मोबदल्यात असंख्य रुग्ण तपासावे लागणे, या गोष्टी त्यांना अपमानास्पद वाटत. दुसरीकडे खाजगी व्यवसायात यादीचे निराळेच रूप होते. निवृत्त होणारा डॉक्टर आपला व्यवसाय, म्हणजे व्यवहारतः आपल्या रुग्णांचा परिवार, नव्या डॉक्टरला विकत असे. तरुण डॉक्टर कर्ज काढून हा व्यवसाय विकत घेई आणि पुढील कित्येक वर्षे ते कर्ज फेडीत असे. रुग्णाला आपला डॉक्टर बदलल्याचे कळे ते दारावरची पाटी बदलल्यावर. म्हणजे १९११ पूर्वी यादी अस्तित्वात होती; परंतु कोठे ती मंडळाचे हत्यार होती, तर कोठे डॉक्टरची मालमत्ता. रुग्णाचा हक्क म्हणून ती अद्याप कोणी मानलेली नव्हती.

३

१९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने ही स्थिती पालटण्यास आरंभ केला. लॉइड जॉर्ज याने मांडलेल्या या कायद्यानुसार अंगमेहनत करणाऱ्या कामगारांना आणि वर्षाला १६० पौंडांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या इतर नोकरदारांना विमा सक्तीचा झाला. पुरुष कामगाराने आठवड्याला ४ पेन्स, मालकाने ३ पेन्स आणि शासनाने २ पेन्स द्यावेत, अशी वाटणी होती. जानेवारी १९१३ मध्ये वैद्यकीय लाभ प्रत्यक्ष सुरू झाला. प्रत्येक भागातील विमा समितीकडे इच्छुक डॉक्टरांची सूची, म्हणजे ‘पॅनेल’, असे. तीतून कामगाराने आपला डॉक्टर निवडावा आणि डॉक्टरने त्याचे नाव आपल्या यादीत घ्यावे, असा नियम होता. डॉक्टरला मोबदला मिळे तो दरभेटीचा नव्हे, तर दरडोई. रुग्ण वर्षातून दहा वेळा आला काय किंवा एकदाही आला नाही काय, रक्कम तीच.

ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने या योजनेस प्रखर विरोध केला. तरीही अखेरीस हजारो डॉक्टर पॅनेलवर आले; कारण परस्परसाहाय्यक मंडळांच्या ताबेदारीतून त्यांची सुटका झाली होती आणि गरीब वस्तीतही निश्चित उत्पन्नाची हमी मिळाली होती. इतिहासकाराच्या दृष्टीने मात्र या तडजोडीतील एक गोष्ट अधिक मोलाची आहे. दरडोई मोबदल्यामुळे निरोगी माणूसही डॉक्टरच्या हिशेबात आला. जो आजारी पडून दाराशी येतो तोच रुग्ण, ही जुनी व्याख्या होती. आता ज्याचे नाव यादीत आहे तो रुग्ण, मग तो आज सुदृढ का असेना. या व्याख्याबदलाचे पूर्ण परिणाम दिसण्यास अर्धशतक जावे लागले.

या कायद्याबरोबरच एक लहानशी वस्तू प्रचारात आली. प्रत्येक विमेदाराच्या वैद्यकीय नोंदींसाठी बदामी रंगाचे जाड कागदाचे पाकीट ठरविण्यात आले. लॉइड जॉर्जचे नाव पुढे त्यालाच चिकटले. रुग्णाने गाव किंवा डॉक्टर बदलला की हे पाकीट कार्यालयामार्फत नव्या डॉक्टरकडे जाई. पॅनेल डॉक्टरांच्या नोंदी बहुधा त्रोटक व घाईच्या असत, हे खरे. परंतु एका व्यक्तीच्या आयुष्यातील सर्व आजारपणे एकाच पाकिटात, एकाच जागी असावीत, ही कल्पनाच नवी होती. संगणकीय नोंदी रूढ होईपर्यंत, म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, ही पाकिटे ब्रिटनच्या दवाखान्यांतील कपाटांत ओळीने उभी होती.

४

या व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव कोणती, हे सांगण्यासाठी फार शोध घ्यावा लागत नाही. विमा नोकरी करणाऱ्याचा होता. त्याच्या पत्नीला बाळंतपणाच्या वेळी ३० शिलिंगांचे साहाय्य मिळे, परंतु एरवीच्या आजारात तिला आणि मुलांना पॅनेल डॉक्टरचे दार बंद होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटनची निम्म्याहून कमी लोकसंख्या या विम्याखाली होती. उरलेल्यांत बहुसंख्या स्त्रिया, मुले व वृद्ध यांची.

याचा अर्थ प्रत्यक्ष संसारात काय होता, याचा पुरावा दोन ग्रंथांत सापडतो. विमेन्स को-ऑपरेटिव्ह गिल्ड या स्त्रियांच्या सहकारी संघटनेने १९१५ मध्ये श्रमिक स्त्रियांची बाळंतपणाविषयीची पत्रे प्रसिद्ध केली. १९३९ मध्ये मार्जरी स्प्रिंग राइस हिने १,२५० श्रमिक गृहिणींच्या पाहणीवर आधारलेला ग्रंथ प्रकाशित केला. रक्तक्षय, डोकेदुखी, दातांचे विकार, बाळंतपणानंतर राहून गेलेल्या व्याधी या स्त्रिया वर्षानुवर्षे अंगावर काढीत. डॉक्टरची फी द्यावयाची म्हणजे मुलांच्या तोंडचा घास काढावयाचा, असा हिशेब त्यांच्या मनात असे, आणि तो चुकीचा नव्हता. त्याच घरातील पुरुषाला डॉक्टर होता, कारण त्याचे नाव यादीत होते. एकाच छपराखाली राहणाऱ्या दोन माणसांच्या आरोग्यातील हे अंतर औषधांच्या अभावाने पडलेले नव्हते. ते नोंदीच्या अभावाने पडले होते.

५

नेहमीच्या डॉक्टरमुळे रुग्णाला आधार मिळतो, हे सर्वमान्य आहे. परंतु रुग्णाला दीर्घकाळ पाहत राहिल्याने वैद्यकशास्त्रालाही असे ज्ञान मिळते की जे रुग्णालयात मिळूच शकत नाही, हे ज्यांनी सिद्ध केले त्यांत दोन खेड्यापाड्यांचे व गिरणीगावाचे डॉक्टर अग्रभागी होते.

पहिला जेम्स मॅकेंझी. लँकेशरमधील बर्न्ली या कापडगिरण्यांच्या गावी १८७९ पासून १९०७ पर्यंत त्याने व्यवसाय केला. हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्या रुग्णांबद्दल त्या काळच्या ग्रंथांत भीतिदायक वर्णने होती. मॅकेंझीपुढे प्रश्न होता तो भविष्याचा: आज ज्याचा ठोका चुकतो, त्याचे दहा वर्षांनी काय होते? रुग्णालयातील विशेषज्ञ रुग्णाला आठवडाभर पाहतो आणि घरी पाठवतो. या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी असणे शक्य नव्हते. मॅकेंझीने शिरेच्या व धमनीच्या स्पंदनांचा आलेख एकाच वेळी काढणारे यंत्र रचले आणि त्याच त्याच रुग्णांचे आलेख वर्षामागून वर्षे काढले. मध्येच येणारे जादा ठोके बहुधा निरुपद्रवी असतात, असे त्याने दाखवून दिले, आणि ज्यांना कारण नसता अंथरुणास खिळवले जात होते अशा अनेकांना कामावर जाण्याची मोकळीक मिळाली. उलट, १८८० पासून तो पाहत आलेल्या एका रुग्ण स्त्रीच्या आलेखातून हृदयाच्या वरच्या कप्प्याची लहर एके दिवशी नाहीशी झालेली त्याला आढळली. हा बदल गंभीर होता, आणि पूर्वीचे आलेख हाताशी होते म्हणूनच तो ध्यानात आला. १९०२ मध्ये त्याचा नाडीविषयक ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे थॉमस लुइस याने विद्युत्‌-आलेखाच्या साहाय्याने या अनियमिततेचे स्वरूप स्पष्ट केले. पहिले निरीक्षण मात्र गिरणीगावातील दवाखान्याचे होते.

दुसरा विल्यम पिकल्स. यॉर्कशरमधील वेन्झ्लीडेल या डोंगरी खोऱ्यात एसगार्थ येथे त्याचा दवाखाना होता. मॅकेंझीच्या लेखनापासून त्याने स्फूर्ती घेतली. खोऱ्यातील खेडी एकमेकांपासून दूर, लोकांचे येणेजाणे मोजके, आणि डॉक्टरला जवळजवळ प्रत्येक घर माहीत. अशा ठिकाणी साथ आली की ती कोणी कोठून आणली, हे शोधता येते, ही गोष्ट त्याच्या लक्षात आली. १९२९ च्या कावीळसाथीत त्याने सुमारे ५,७०० लोकवस्तीतील २५० रुग्णांचा मागोवा घेतला. कोण कोणत्या जत्रेला गेले होते, कोणत्या मुलीला कोण भेटावयास आले होते, अशा घरगुती माहितीवरून त्याने संसर्ग व रोगाचा प्रारंभ यांतील अंतर २६ ते ३५ दिवसांचे असल्याचे निश्चित केले. शहरी रुग्णालयात हे अशक्य होते. तेथे रुग्ण येतो तो एकटा, त्याच्या भोवतालचे खेडे त्याच्याबरोबर येत नाही. घरच्या माणसांच्या मदतीने ठेवलेल्या दैनिक तक्त्यांवर आधारलेला त्याचा ग्रंथ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५२ मध्ये सामान्य चिकित्सकांचे कॉलेज स्थापन झाले तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद पिकल्सकडे आले.

६

५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा अस्तित्वात आली. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत घेतलेल्या मतदानात जवळजवळ नव्वद टक्के डॉक्टरांनी विरोध नोंदविला होता. जुलैपर्यंत बहुसंख्य सामान्य चिकित्सक सेवेत दाखल झाले. नागरिकाने करावयाचे काम सोपे होते. टपालकचेरीतून किंवा सार्वजनिक ग्रंथालयातून घरातील प्रत्येक व्यक्तीसाठी एकेक अर्ज आणावयाचा, तो आपल्या पसंतीच्या डॉक्टरकडे द्यावयाचा, आणि डॉक्टरने मान्य केले की यादीत नाव लागले. फी नाही, वर्गणीची पावती नाही, नोकरीची अट नाही. ज्या स्त्रियांनी वीस-वीस वर्षे दुखणी अंगावर काढली होती, त्या पहिल्या काही महिन्यांत दवाखान्यांत आल्या. त्या काळातील अनेक डॉक्टरांच्या आठवणींत या गर्दीचा उल्लेख येतो.

या कायद्यातील दुसरी तरतूद तितकीच दूरगामी होती. व्यवसायाची खरेदी-विक्री बेकायदा ठरली, आणि नुकसानभरपाई म्हणून डॉक्टरांसाठी ६ कोटी ६० लक्ष पौंडांचा निधी राखून ठेवण्यात आला. यादी डॉक्टरची मालमत्ता उरली नाही. डॉक्टर रुग्ण नाकारू शकत होता आणि रुग्ण डॉक्टर बदलू शकत होता. पण कोणी कोणास विकू शकत नव्हता.

तथापि यादीत नाव लागणे म्हणजे उत्तम उपचार मिळणे नव्हे. आरंभी एका डॉक्टरच्या यादीस ४,००० नावांची कमाल मर्यादा होती, आणि औद्योगिक वस्त्यांतील डॉक्टर या मर्यादेच्या जवळपास असत. जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने इंग्लंडमधील ५५ दवाखान्यांना भेटी देऊन १९५० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात जो अहवाल प्रसिद्ध केला, तो लज्जास्पद होता. अस्वच्छ खोल्या, तपासणीवाचून लिहिली जाणारी औषधे, मिनिटा-दोन मिनिटांत आटोपलेले रुग्ण, असे चित्र विशेषतः औद्योगिक भागांत त्याला आढळले. १९६५ मध्ये डॉक्टरांनी मांडलेल्या सनदेवरून १९६६ मध्ये नवा करार झाला. दवाखान्याची जागा, परिचारिका व लेखनिक यांच्या खर्चाचा भार शासनाने उचलला, आणि डॉक्टरांनी एकत्र येऊन काम करण्यास उत्तेजन मिळाले.

याच काळात संबंधाच्या मानसिक बाजूचाही अभ्यास झाला. हंगेरीत जन्मलेला मनोविश्लेषक मायकेल बॅलिंट याने लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये सामान्य चिकित्सकांच्या गटाशी वर्षानुवर्षे चर्चा करून १९५७ मध्ये आपला ग्रंथ लिहिला. डॉक्टर हाच सर्वांत अधिक वापरले जाणारे औषध आहे, परंतु त्याची मात्रा व अपाय यांचा अभ्यास कोणी केलेला नाही, हा त्यातील मुख्य विचार होता. वारंवारच्या साध्या भेटींतून डॉक्टर व रुग्ण यांच्यात परस्परविश्वासाची एक ठेव साचत जाते आणि संकटाच्या वेळी ती दोघांच्याही उपयोगी पडते, असे त्याने दाखविले. खोकल्यासाठी दहा वेळा आलेला मनुष्य अकराव्या वेळी आपले खरे दुःख सांगतो. दर वेळी डॉक्टर नवा असेल, तर ही अकरावी भेट घडत नाही.

७

यादी म्हणजे जबाबदारी, या सूत्राचा सर्वांत कठोर अर्थ लावला तो ज्युलियन ट्यूडर हार्ट याने. १९६१ मध्ये त्याने दक्षिण वेल्समधील ग्लिनकॉरग या खाण कामगारांच्या खेड्यात दवाखाना सुरू केला. खेड्याची वस्ती सुमारे दोन हजार. खाणी बंद पडत चाललेल्या, बेकारी वाढत चाललेली. रक्तदाब वाढलेल्या माणसाला बहुधा काहीच त्रास जाणवत नाही. तो स्वतः होऊन डॉक्टरकडे येणार नाही, आणि आला तेव्हा बहुधा पक्षाघात होऊन गेलेला असतो. म्हणून १९६८ पासून हार्टने यादीतील सर्व प्रौढांचा रक्तदाब मोजण्याचे ठरविले. जे अन्य कारणांनी दवाखान्यात येत त्यांचा तेव्हाच मोजला. जे येत नसत त्यांची नावे यादीवरून काढून त्यांचा शोध घेतला.

येथे यादीचे खरे मोल प्रकट होते. दवाखान्यात कोण आले, हे कोणीही डॉक्टर सांगू शकतो. कोण आले नाही, हे फक्त यादी सांगते. १९११ च्या कायद्याने निरोगी माणसाला हिशेबात घेतले होते. हार्टने तो हिशेब प्रत्यक्ष मांडला. पंचवीस वर्षांच्या या कार्याचा अहवाल १९९१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तदाबाच्या रुग्णांचा सरासरी रक्तदाब १८६/११० वरून १४६/८४ वर आला होता, आणि तशाच दारिद्र्यातील शेजारच्या खेड्याच्या तुलनेने पासष्टीच्या आतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी होते. या कार्यात नवे औषध नव्हते, मोठे यंत्र नव्हते. संख्या लहान असल्यामुळे या आकड्यांवर फार मोठे सिद्धान्त उभारू नयेत. परंतु एक डॉक्टर, एक यादी आणि पंचवीस वर्षे यांतून काय साधते, याचा इतका सुस्पष्ट दाखला दुर्मिळ आहे.

याच हार्टने २७ फेब्रुवारी १९७१ रोजी ‘लॅन्सेट’मध्ये आपला प्रसिद्ध ‘व्यस्त सेवेचा नियम’ मांडला. चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता ही ज्या वस्तीला तिची गरज असते तिच्या गरजेच्या व्यस्त प्रमाणात असते, आणि सेवा बाजाराच्या हाती जितकी अधिक तितका हा नियम अधिक लागू पडतो, असे त्याचे प्रतिपादन होते. ज्या खाणवस्त्यांत व औद्योगिक शहरांत स्थानिक डॉक्टर जावयास तयार नसत, तेथील याद्या सांभाळण्याचे काम भारतीय उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांनी फार मोठ्या प्रमाणावर केले, ही गोष्ट या संदर्भात विसरता येत नाही. वेल्सच्या खोऱ्यांतील कित्येक कुटुंबांचा दोन-तीन दशकांचा ‘घरचा डॉक्टर’ हा भारतात शिकलेला होता.

८

नेहमीच्या डॉक्टरवरील विश्वासाला एक काळी बाजूही आहे, आणि तिचा निर्देश टाळणे इतिहासाला शोभणार नाही. मँचेस्टरजवळील हाइड या गावचा डॉक्टर हॅरल्ड शिपमन याला जानेवारी २००० मध्ये आपल्या १५ रुग्णांच्या हत्येबद्दल शिक्षा झाली. न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीने २००२ मध्ये बळींची संख्या २१५ असल्याचे जाहीर केले. बळी बहुतांशी वृद्ध स्त्रिया होत्या. शिपमन हा एकट्याने दवाखाना चालवीत असे, घरी येऊन पाहत असे, आणि गावात अतिशय लोकप्रिय होता. ज्या गुणांमुळे घरचा डॉक्टर हवासा वाटतो, त्याच गुणांच्या आड हे कृत्य दडले. मृत्यूचा दाखला देणारा आणि रुग्णाची नोंद लिहिणारा तोच एक मनुष्य असल्याने त्याच्यावर कोणाचीच नजर नव्हती. विश्वासाला तपासणीची जोड नसली, तर सातत्य हे संरक्षण न राहता आवरण बनते, हा या प्रकरणाचा बोध होय.

यानंतरच्या काळात ब्रिटनमधील धोरण वेगळ्या दिशेने वळले. त्याला एकच कारण नव्हते. डॉक्टरांच्या कामाचे तास, अर्धवेळ काम करणाऱ्यांची वाढती संख्या, मोठे गट-दवाखाने, आणि रुग्णास अठ्ठेचाळीस तासांच्या आत कोणता तरी डॉक्टर भेटलाच पाहिजे हे २००० च्या योजनेतील उद्दिष्ट, या सर्वांचा त्यात वाटा होता. २००४ च्या करारानुसार रुग्णाची नोंद व्यक्तिगत डॉक्टरऐवजी दवाखान्याकडे होऊ लागली, आणि रात्री व सुट्टीच्या दिवसांची जबाबदारी सोडून देण्याची मुभा डॉक्टरांना मिळाली. बाह्यतः बदल किरकोळ होता. नाव यादीतच होते, पाकिटाची जागा संगणकाने घेतली होती, भेट पूर्वीपेक्षा लवकर मिळू लागली होती. परंतु ‘तुमचा डॉक्टर कोण?’ या प्रश्नाला आता माणसाच्या नावाने उत्तर देता येईना. पुढे २०१४ मध्ये पंचाहत्तरीच्या पुढील रुग्णांसाठी व २०१५ मध्ये सर्वांसाठी जबाबदार डॉक्टरचे नाव कागदावर पुन्हा लिहिण्याचा नियम झाला. मात्र भेट त्याच डॉक्टरशी होईल, अशी हमी त्यात नव्हती.

जी गोष्ट हातची निसटते तिचे मोजमाप मग सुरू होते. २०१८ मध्ये डेनिस पेरिरा ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांतील २२ अभ्यासांचे परीक्षण प्रसिद्ध केले; त्यांपैकी १८ अभ्यासांत डॉक्टरचे सातत्य आणि कमी मृत्युप्रमाण यांचा संबंध आढळला. नॉर्वेने २००१ मध्ये प्रत्येक नागरिकाला नावानिशी डॉक्टर नेमून देणारी योजना सुरू केली होती. तेथील सुमारे पंचेचाळीस लक्ष लोकांच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात, पंधरा वर्षांहून अधिक काळ एकच डॉक्टर असलेल्या लोकांत, एक वर्षाचाच संबंध असलेल्यांच्या तुलनेने, मृत्यूचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी आणि तातडीने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी दिसले. हा साहचर्याचा पुरावा आहे, कार्यकारणाचा निर्विवाद पुरावा नव्हे. ज्यांचे जीवन स्थिर असते त्यांचा डॉक्टरही स्थिर राहतो, हा आक्षेप पूर्णपणे दूर करता येत नाही. परंतु संबंध जितका दीर्घ तितका लाभ अधिक, असा चढता क्रम या आकड्यांत आहे, आणि मॅकेंझी व हार्ट यांच्या अनुभवाशी तो जुळतो. ब्रिटिश संसदेच्या आरोग्यविषयक समितीने २०२२ च्या अहवालात व्यक्तिगत याद्या पुन्हा सुरू करण्याची शिफारस केली. १९११ मध्ये जे साधन राजकीय तडजोड म्हणून जन्मास आले होते, त्याची वैद्यकीय उपपत्ती अशा रीतीने शंभराहून अधिक वर्षांनी मांडली गेली.

९

या इतिहासाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. स्वतंत्र भारताने १९४८ मध्ये कामगारांसाठी राज्य विमा कायदा केला. १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली आणि १९५४ मध्ये ती मुंबईत आली. मुंबईत वैद्यकीय सेवा देण्यासाठी जी पद्धती स्वीकारली गेली ती ब्रिटनमधील पॅनेलचीच होती. कामगाराने वस्तीतील विमा डॉक्टरच्या यादीत नाव नोंदवावे आणि डॉक्टरला दरडोई मोबदला मिळावा, ही रचना येथेही आली, आणि ‘पॅनेल डॉक्टर’ हा शब्द गिरणगावच्या बोलीत रुळला. आरंभी लाभ विमेदार कामगारापुरताच होता. कुटुंबीयांचा समावेश पुढे टप्प्याटप्प्याने झाला. म्हणजे ब्रिटनची रचना येथे तिच्या उणिवेसह आली, आणि कामगाराच्या पत्नीला पुन्हा एकदा वाट पाहावी लागली.

१९४६ च्या भोर समितीने निराळा मार्ग सुचविला होता. सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर अशी तेव्हाची स्थिती होती. समितीचा भर पगारी डॉक्टरांवर आणि ठराविक लोकवस्तीसाठी स्थापन करावयाच्या प्राथमिक आरोग्यकेंद्रांवर होता. या रचनेत केंद्राकडे क्षेत्राची जबाबदारी येते. व्यक्तीचे नाव व्यक्तीच्या हाती सोपविले जात नाही, आणि बदल्यांच्या चक्रात डॉक्टर तर सतत पालटत राहतो. उरलेले बहुसंख्य लोक खाजगी डॉक्टरकडे जात राहिले. तेथे आत्मीयता असे, पिढ्यांची ओळख असे. पण यादी नसे. जो रुग्ण येईनासा झाला तो बरा झाला, दुसरीकडे गेला की दगावला, हे त्या डॉक्टरला कोणी सांगत नसे, आणि ते जाणून घेण्याचे बंधनही त्याच्यावर नव्हते.

सारांश, नेहमीचा डॉक्टर हा योगायोगाने लाभणारा सुस्वभावी मनुष्य आहे असे मानले, तर त्याच्या इतिहासाला अर्थ उरत नाही. ब्रिटनच्या अनुभवावरून असे दिसते की तो तीन गोष्टींच्या संयोगाने घडतो: नावाची नोंद, नोंदीची दप्तरी स्मृती, आणि त्या नोंदीकरिता उत्तरदायी असलेली एक व्यक्ती. ट्रेडेगारच्या वर्गणीदारांनी पहिली गोष्ट मिळविली, लॉइड जॉर्जच्या पाकिटाने दुसरी दिली, आणि १९४८ ने दोन्ही गोष्टी गृहिणीपर्यंत पोहोचविल्या. तिसरी गोष्ट कायद्याने आपोआप येत नाही, हे कॉलिंग्जच्या अहवालाने दाखविले; आणि तिच्यावर देखरेख नसली तर काय होते, हे हाइडच्या चौकशीने. २००४ नंतर ब्रिटनपाशी पहिल्या दोन गोष्टी पूर्वीपेक्षा अधिक व्यवस्थित स्वरूपात शिल्लक होत्या. तिसरी शिथिल होताच पहिल्या दोहोंचे मोल किती उरते, हा प्रश्न तेथील संसदीय समितीपुढे उभा राहिला. जेथे यादीच कधी पूर्ण झाली नाही, तेथे आरंभ कोठून करावयाचा हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे.